सेंट ओदिलची सभा

सभागृहात बांधलेली दोरी म्हणजे बटाट्याची पोती शिवायची सुतळी होती. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर, मध्ये जराशी लोंबलेली. आत गावकऱ्यांच्या खुर्च्या, बाहेर पाहुण्यांसाठी एकच बाक. शरयू त्या बाकावर कोट न काढता बसली होती.

"आतल्यांनी मत द्यायचं, बाहेरच्यांनी ऐकायचं," पद्मिनीने तिला सांगितलं. "बाहेरच्याला बोलायचं असलं तर सभेची परवानगी लागते. सहा वर्षं या बाकावर काढलीत मी."

"मग आज मला एकटीला टाकून कुठे निघालीस?"

"आत, ओझीतआजींजवळ. त्यांना नीट ऐकू येत नाही गं. कानात सांगावं लागतं."

धाकट्या बहिणीला घेऊन जायचं, या एकाच कामासाठी शरयू शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून दोन विमानं बदलून आली होती. बटाट्यावरच्या रोगांचा अभ्यास करायला पद्मिनी अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या उत्तर टोकाला एका वर्षासाठी म्हणून आली, त्याला आता सात वर्षं होत आली. विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "मार्चची गावसभा होऊ दे, मग सांगते." यंदा नेपरव्हिलजवळच्या एका प्रयोगशाळेत तिच्यासाठी जागा होती. शरयूने वरची खोली रंगवूनसुद्धा घेतली होती.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली होती, "पद्मे, तुझा पासपोर्ट दे. शिकागोच्या भारतीय वकिलातीतून रिन्यू करून आणते."

"राहू दे, ताई. त्याचं काही काम नाही आता."

म्हणजे या उन्हाळ्यातही पुण्याला जायचा बेत नाही, असं समजून शरयूने विषय सोडला.

सेंट ओदिल गाव तरी केवढं! तीनेकशे माणसं, बहुतेक फ्रेंच वंशाची, एक चर्च, जमिनीत अर्धी पुरलेली बटाट्याची कोठारं. आणि एक शाळा, बटाटे काढायच्या दिवसांत मुलांना सुट्टी देणारी. सभा इंग्रजीत चालायची, भांडणं फ्रेंचमध्ये.

आज ठराव ही शाळा चालू ठेवायचाच होता. पडला तर पोरं बसने दूरच्या, इंग्रजी बोलणाऱ्या गावाला जाणार. शरयूने हिशेब केला होता. शाळा गेली की तरुण कुटुंबं जातील, कुटुंबं गेली की गाव संपेल, मग पद्मिनी कशासाठी राहील? ठराव पडावा, असं तिला मनापासून वाटत होतं.

आल्सिद नावाचा म्हातारा शेतकरी उठला. "याच शाळेत फ्रेंच बोललो म्हणून शिक्षा झाली, तेव्हा मी इंग्रजीत शंभर वेळा लिहिलंय, 'पुन्हा फ्रेंच बोलणार नाही.'"

"तुझं इंग्रजी वाचून मास्तरीणच रडली असेल!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"रडली असेल. पण आज माझी नात तिथे दोन्ही भाषांत भांडते. ते भांडण मला इथेच ऐकायचंय."

शरयूला आपला मुलगा विक्रम आठवला. मराठीत काहीही विचारा, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. तिने कोट काढून मांडीवर घेतला.

हात वर झाले. सभेचा अध्यक्ष लेओ रांगेरांगेतून मोजत गेला.

"बाजूने सत्तेचाळीस. विरोधात सत्तेचाळीस."

"बरोबरी म्हणजे पडला," शरयूच्या शेजारचा पाहुणा पुटपुटला.

शरयूच्या मनासारखं झालं होतं. तरी तिला आनंद का होत नव्हता, ते तिचं तिलाच कळेना.

लेओने हातोडा उचलला आणि तसाच धरून ठेवला. "खुर्च्या पंच्याण्णव भरल्यात. कोणाचा तरी हात मांडीवरच राहिलाय."

सगळ्या माना ओझीतआजींकडे वळल्या. बोला ना आजी, हो म्हणा, असं शरयू मनात म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"माझ्याकडे काय बघता?" ओझीतआजी खेकसल्या. "मी कधीच हात वर केला. आणि मला सगळं ऐकू येतं!" त्यांनी शेजारी कोपराने ढोसलं.

पद्मिनी उभी राहिली.

"मादाम," लेओ हसून म्हणाला, "अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन तुम्हाला दोन महिने झाले. आता पहिलं मत देऊन टाका."

पद्मिनीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती शरयूकडे बघत होती.

"ताई, मी इथेच राहणार," ती मराठीत म्हणाली. मग सभेकडे वळून, सगळ्यांना समजेल अशा फ्रेंचमध्ये, "आणि शाळाही."