हलका हात

ट्वायला बायकांच्या तुरुंगात केस कापायला शिकली, तेही टेबलाला साखळीने बांधलेल्या कात्रीने. केस कापायचं लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाकडून मिसेस हारग्रोव्ह परीक्षा घ्यायला आत आल्या. "पोरी, हात कसला हलका आहे गं तुझा," म्हणाल्या आणि पास करून गेल्या.

सुटल्यावर ती लायसन्ससाठी त्यांच्याच टेबलापुढे जाऊन उभी राहिली. चर्चसमोरच्या सलूनमध्ये तिच्यासाठी कामाची खुर्चीसुद्धा राखून ठेवली होती.

"शिक्षा भोगून आलेल्यांना लायसन्स देत नाही आम्ही, बाळ. कात्री लोकांच्या मानेजवळ चालते."

"मॅडम, आत मी रोज केस कापतच होते की. तेव्हा चाललं तुम्हाला."

मिसेस हारग्रोव्ह गोड हसल्या.



"अगं, तिथे लोक कुठे होते?"