सँडस्कीचा पोरगा

"बिलॉक्सीचाच घ्या, साहेब," लॉनी म्हणाला. "डोळे मिटून घ्या."

"डोळे मिटून घ्यायला ते काय औषध आहे?" व्रोबेल साहेब खेकसले.

डोरीननं वडिलांच्या कॉफीशेजारी गोळ्या ठेवल्या. "औषध हे आहे, बाबा. हेही घ्यायचंय."

टेबलावर दोनच कार्डं उरली होती. संघासाठी नवी पोरं निवडायची साहेबांची पद्धत जगावेगळी. कार्डावर पोराचं नाव नाही, कॉलेज नाही, फक्त गाव. नाव कानावर पडलं की माणूस भुलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या हाताखालचे सगळेच पोरांना गावानं हाका मारायचे. एक कार्ड बिलॉक्सीचं, दुसरं सँडस्कीचं. दोघंही कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधले रिसीव्हर, लांबून आलेला चेंडू धावता धावता झेलणारे. आपल्या संघाची पाळी आली की एकालाच घ्यायचं. उरलेला दुसरा कुणीतरी उचलणार.

मोठे निर्णय साहेब कचेरीत घेत नसत, घरी जेवणाच्या टेबलावर घेत. टीव्ही बंद होता. त्यावरच्या बडबडीनं बाबांचं डोकं फिरतं, म्हणून डोरीन तो लावू द्यायची नाही. खिडकीबाहेर एरी सरोवरावर एप्रिलचं करडं आभाळ उतरलं होतं. लॉनी एक पाय लांब करून बसला होता. तो नेहमी तसाच बसतो.

"किती वेळ आहे आपल्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"आहे, बाबा. भरपूर आहे."

"मालकाचा फोन?"

"नाही आला."

"येईल. चुकलो तर नक्की येईल." साहेबांनी बिलॉक्सीचं कार्ड उचललं, लांब धरून पाहिलं. "पळतो मात्र वाऱ्यासारखा. उंचीही आहे."

"तेच म्हणतोय मी," लॉनी पुढे सरकला. "हा दुसऱ्यांच्या हाती लागला, तर वर्षानुवर्षं आपल्यालाच रडवेल. आपल्याच मैदानावर येऊन रडवेल. लोक तुम्हाला नावं ठेवतील आणि मालक तुम्हाला घरी बसवतील."

"आणि सँडस्की?"

"सँडस्की काय! हात बरे आहेत, बाकी यथातथाच."

"बरे? अरे, त्याच्या हातांना चेंडू चिकटतो! कधी पाहिलंस का नीट?"

"पाहिलंय," लॉनी म्हणाला. "पण गुडघ्याचं काय? पहिल्याच उन्हाळ्यात, साध्या सरावात, कुणी अंगाला हातही न लावता तो गेला तर? एकही सामना न खेळता?"

"गुडघे कुणाचेही जातात. तुझी जीभ मात्र जात नाही." साहेब हसले आणि लगेच गंभीर झाले. "त्या पोरानं तुझं काय घोडं मारलंय रे? त्याचं नाव निघालं की तुझं तोंड कडू होतं."

आज साहेबांच्या तोंडून बिलॉक्सी निघावं, एवढंच लॉनीला हवं होतं. या माणसाची खुर्ची त्याला मनापासून वाचवायची होती. साहेबांइतकं भलं माणूस त्याला या धंद्यात दुसरं भेटलं नव्हतं.

"आज तरी त्याचं ऐका, बाबा," डोरीन म्हणाली. तिनं बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या पिएरोगीची ताटली मधे ठेवली. साहेबांनी एक उचलला आणि तो हातात धरूनच बोलत राहिले.

"मी सँडस्कीला पाहायला गेलो होतो. त्याची टीम साफ झोपली होती. लोक उठून चालले होते. चेंडू पलीकडच्या बाजूला गेला. याच्याकडे येण्याचा संबंधच नव्हता, आणि ते यालाही ठाऊक होतं. असल्या वेळी बाकीचे काय करतात?"

"चालतात," लॉनी हळूच म्हणाला.

"चालतात! कमरेवर हात ठेवून चालतात. तुझा तो बिलॉक्सीही चालतो, मी पाहिलंय. आणि हा? हा जीव तोडून धावत होता. शेवटपर्यंत. कुणी बघत नव्हतं, टाळ्या नव्हत्या, काही नव्हतं." साहेबांचा आवाज कापला. "आपल्याकडे काही येणार नाही हे माहीत असून जो धावतो ना, लेका, तो माणूस मला हवा."

लॉनीनं मान खाली घातली.

"साहेब, खुर्ची जाईल तुमची."

"गेली तर गेली. खुर्ची काय, लाकडाची असते."

"पुन्हा एकदा विचार करा. माझ्यासाठी."

"केला." साहेबांनी बिलॉक्सीचं कार्ड पालथं घातलं आणि दुसरं डोरीनकडे सरकवलं. "सँडस्की. नाव जाहीर व्हायच्या आत पोराला कळलं पाहिजे. फोन लाव, पोरी. मीच बोलणार."

ही त्यांची जुनी रीत. निवडलेल्या पोराशी पहिल्यांदा ते स्वतःच बोलत, तिसऱ्या कुणाला बोलू देत नसत.

डोरीननं लॉनीकडे पाहिलं. लॉनीनं खांदे उडवले.

"तुमचा हट्ट काही सुटायचा नाही," तो म्हणाला. टेबलाला रेटा देऊन उठला, साहेबांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. "मी जरा बाहेर जाऊन येतो."

"जा, जा. तोंड धुऊन ये. हरलेल्या माणसाचं तोंड मला बघवत नाही."

डोरीननं कुठेही न बघता नंबर फिरवला आणि फोन वडिलांच्या हाती दिला. साहेबांनी कॉलर सारखी केली, घसा खाकरला.

मागच्या दाराच्या पायऱ्या लॉनी जुना दुखरा गुडघा सांभाळत, कठडा धरून, एकेक करत उतरला. सरोवरावरून गार वारा येत होता. त्यानं पांढऱ्या केसांवरची टोपी काढली आणि ताठ उभा राहिला. कोटाच्या खिशातला फोन वाजू लागला.

"हॅलो," आतून आणि कानातून एकदमच आवाज आला. "कोण, सँडस्की का?"

"हो, साहेब," लॉनी म्हणाला, पोरवयात पहिल्यांदा म्हणाला होता तसंच. "सँडस्कीच बोलतोय."