नवा गाल

धुवायला टाकलेल्या सदऱ्यात तंबाखूच्या माव्याची पुडी सापडताच शिवबाईंनी थोरल्या मुलाला, मृत्युंजयला, समोर बसवले. कर्करोगाने पोखरलेला त्याचा गाल सोलापूरच्या डॉक्टरांनी कापून काढला होता आणि त्याच्याच हाताचे कातडे, रक्तवाहिन्यांसकट, तोंडात शिवून नवा गाल घडवला होता. महिनाभर नाकातल्या नळीतून पेज पाजताना शिवबाई एका शब्दाने रागावल्या नव्हत्या. "एकच चिमूट खाल्ली, अव्वा," तो पुटपुटला. "तोंड उघड." त्याने जेमतेम दोन बोटांएवढे उघडले. त्यांनी बॅटरीचा झोत आत टाकला. गड्ड्याच्या यात्रेत त्याने हौसेने हातावर गोंदवून घेतलेली हिरवी अक्षरे आता गालाच्या आत होती: अव्वा. शिवबाईंनी पुडी फोडून त्याच्या तळहातावर ठेवली. "टाक की तोंडात. अन् थुक माझ्या नावावर." मावा तळहातावर तसाच राहिला आणि उघडलेले तोंड आईसमोर मिटायचा मृत्युंजयला धीर होईना.