न बिघडलेला राउटर

पतपेढीच्या भिंतीवरून नुकताच उतरवलेला राउटर केळुसकरांनी दोन्ही हातांत धरला. तो अजून गरम होता. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या कंपनीच्या कारखान्यात त्यांनीच तो तपासून त्यावर सही केली होती, आणि त्याच भरवशावर निवृत्तीची सगळी पुंजी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातली होती.

“एकदा तरी बंद पडला का गं?” त्यांनी मुलीला विचारले. पतपेढीची यंत्रखरेदी तिच्याकडे होती.

“एकदाही नाही, बाबा. म्हणून तर तुमच्या कंपनीकडून दुसरा घ्यावा लागला नाही. आता नेटचा वेग वाढलाय, म्हणून बदलतोय. हा नवा ज्या कंपनीचा आहे, ती निम्म्या किमतीत देते आणि दर तीन वर्षांनी बदलायला लावते. तिचा शेअर बघा कुठे पोचलाय.”

“आणि आमचा मातीमोल. तुझ्याकडेही आमचे शेअर होते ना?”

“दिवाळीतच विकले.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विकले असते?”

केळुसकरांनी रुमालाने राउटरवरची धूळ पुसली. खाली त्यांची सही स्वच्छ दिसत होती.

“नसते,” ते म्हणाले. “तुलाही विकू दिले नसते.”

“म्हणूनच नाही बोलले.” मुलीने नव्या राउटरचे खोके फोडले.