चार नंबरची बेल

पुण्यात स्वाइन फ्लू आला त्या वर्षी कर्वेनगरातल्या एका हॉस्पिटलात नर्सेसचं ट्रेनिंग झालं. नम्रता सिस्टरला सगळं तोंडपाठ होतं. नंतर वाटलेला फॉर्म तिने वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलाशी बसून पाच मिनिटांत भरला. शेवटचा प्रश्न होता, ‘रुग्णाने बोलावल्यास तुम्ही लगेच खोलीत जाता का?’ तिने ठसठशीत ‘हो’ लिहिलं.

तेवढ्यात टेबलावर चार नंबरच्या खोलीचा लाल दिवा लागला. बेल वाजली.

ती खोली पंधरा दिवस रिकामी होती. तिथे शेवटी होती चंपा मावशी, याच वॉर्डातली आया. रुग्णांची घाण काढता काढता तिलाच लागण झाली. शेवटच्या दुपारी तिने कितीदा तरी बेल दाबली. मास्क लावूनसुद्धा नम्रता आत जायला धजेना. दर वेळी टेबलावरूनच बेल बंद करून ती ओरडायची, “आले हं मावशी, जरा दम धरा!”

संध्याकाळी मावशीला चादरीत गुंडाळून नेलं.

आताही नम्रताने टेबलावरूनच बेल बंद केली. ती पुन्हा वाजली. पुन्हा बंद केली, पुन्हा वाजली. शेवटी वायरमनच्या नावाने बोटं मोडत ती आत शिरली. पलंग रिकामा होता.

मागे दार लागलं. ते काही केल्या उघडेना. तिला खोकल्याची उबळ आली, श्वास पुरेना. तिने बेल दाबली. दाराच्या काचेतून टेबलावरचा लाल दिवा दिसला. खुर्चीत कुणीच नव्हतं.

दिवा विझला.

तिने पुन्हा दाबली. पुन्हा विझला. मग रिकाम्या खुर्चीतून चंपा मावशीचा घोगरा आवाज आला, “आले हं सिस्टर, जरा दम धरा!”