ट्रम्पेटची जागा

"पहिल्या रांगेत बसा, तुमच्यासाठीच तर आहे सगळं," म्हणत रेजिनाने नवऱ्याला हाताला धरून बसवलं. इनासच्या फुप्फुसांच्या उपचारांसाठी चर्चने मदतीचा कार्यक्रम ठेवला होता आणि स्टेजवर त्याचाच गॉस्पेल जॅझ बँड वाजवत होता. त्याचं ट्रम्पेट मात्र घरी कपाटावर पडून होतं.

बँडचा एक पायंडा होता, इनासनेच पाडलेला. कुणी वादक देवाघरी गेला की त्याच्या सोलोची जागा मोकळी सोडायची; नुसता ड्रम हळू चालू ठेवायचा आणि बाकीच्यांनी माना खाली घालायच्या.

शेवटचं गीत सुरू झालं. रंगलं. ट्रम्पेटची जागा जवळ आली तशी इनासची बोटं गुडघ्यावर नाचायला लागली. आता सॅक्सोफोन ते सूर उचलणार, निदान पियानो तरी...

कुणीच उचलले नाहीत. एकटा ड्रम हळू वाजत राहिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेजिनाचे डोळे भरून आले. "बघितलंत? तुमची जागा अजून कुणाला दिली नाही त्यांनी!"

इनासने स्टेजकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली होत्या. मग सवयीने त्यानेही आपली मान खाली घातली.