नथीतला मोती

चित्रप्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरताच वृंदा थबकली. समोरच्या भिंतीवर तिचीच राणी होती. संग्रहालयाच्या साइटवरच्या जुन्या चित्रातून फुकट घेतलेली, तिने कॉम्प्युटरवर नऊवारी नेसवलेली परदेशी राणी. खाली नाव मात्र चारुताचं, तिच्या जिवलग मैत्रिणीचं.

“अगं, ही चित्रं सगळ्यांना खुली असतात,” जवळ येत चारुता हसली. “राणी काय तुझ्या माहेरची लागून गेली?”

“राणीचं जाऊ दे. नथ माझ्या आईची आहे.”

आईच्या नथीचा फोटो तिने राणीच्या नाकात बसवला होता. आईच्या शेवटच्या आजारपणात त्या नथीचा एक मोती निखळला होता. ती जागा वृंदाने मुद्दाम रिकामी ठेवली होती. वृंदाकडून ते ऐकताना चारुताही रडली होती.

वृंदा चित्राजवळ गेली. रिकाम्या जागी चारुताने मोती बसवून टाकला होता.